द्राक्षांच्या खोलीतलं औषध

मुलांनो,

परवा थोरल्याचा निरोप आला. येत्या सुट्टीत तुम्ही दोघं तुमच्या गावापासून समुद्रापर्यंत सायकलने जाणार आहात, तीन दिवस, मधुमेह असलेल्या लहान मुलांसाठी. निरोपाबरोबर इंटरनेटवर सापडलेला एक फोटो होता. त्यात मी मोतिया साडी नेसून, हातात हिरवा झेंडा घेऊन उभी आहे आणि माझ्यामागे सायकलवाल्यांची रांग आहे. खाली थोरल्याने लिहिलंय, "आजी, तू तर हे आधीच केलंयस! आमच्या पत्रकासाठी अर्धं पान लिहून दे ना."

अर्धं पान मी एकदा लिहिलेलं आहे, चार वर्षांपूर्वी, इंग्रजीत. त्या फोटोखाली जो अहवाल आहे तो माझाच. तुम्ही तो अजून वाचलेला दिसत नाही. वाचाल तेव्हा भाषा आवडेल तुम्हाला. पण त्यातलं एक वाक्य खोटं आहे आणि ते मी समजून उमजून लिहिलेलं आहे. तुम्ही ते वाक्य वाचून माझं कौतुक करायच्या आत हे सांगून टाकायला हवं, म्हणून आता लिहिते आहे. मराठीत लिहिते, कारण इंग्रजीत मला सगळं नीटनेटकं करून मांडायची फार सवय आहे. तुम्हाला वाचायला वेळ लागेल. रविवारी आईला शेजारी घेऊन बसा.

आमच्याकडे रोज सकाळी साडेसहाला एक फुलवाली यायची. नाशिकला लागून असलेल्या मखमलाबादची. तुम्ही लहानपणी आला होतात तेव्हा तिने तुम्हाला झेंडूची एकेक माळ घातली होती आणि धाकट्याने ती चावून बघितली होती. तिची घरची एकरभर जमीन, त्यात झेंडू, शेवंती आणि कडेने मेथी-कोथिंबीर. नवरा दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर. घरात सासू आणि एकुलती एक मुलगी.

ती मुलगी दहा वर्षांची असताना एकाएकी वाळायला लागली. फुलवाली एके दिवशी टोपली खाली ठेवून म्हणाली, "सारखी पाणी पिते बाई. घागर पुरना. सासू म्हणते नजर लागली, मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या." मी शाळेत तीस वर्षं मुली पाहिलेल्या. मी दोघींना रिक्षात घातलं आणि डॉक्टरांकडे नेलं. लहान मुलांना होतो तो मधुमेह निघाला. रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन, आणि ते जन्मभर.

मी पद्धतशीर बाई आहे, हे तुमच्या आईने तुम्हाला तक्रारीच्या सुरात सांगितलं असेलच. मी तिला तक्ता करून दिला. कधी खायचं, किती खायचं, कधी टोचायचं. सुई धरायला मोसंबीवर शिकवलं. ती म्हणाली, "मोसंबी रडत नाय ना बाई, पोरगी रडते." पण आठवड्यात तिचा हात बसला. तिच्याकडे फ्रीज नव्हता. मी एका पुस्तिकेत वाचलं होतं तसं करायला सांगितलं: मोठ्या कुंडीत ओली वाळू, वाळूत छोटा माठ, माठात डबी, डबीत औषधाची बाटली. तिने त्यावर स्वतःची एक गोष्ट वाढवली. फुलं तोडल्यावर बाजारात जाईपर्यंत ती ज्या ओल्या गोणपाटाखाली ठेवतात, तसलंच एक गोणपाट माठावर टाकलं. दिवसातून दोनदा त्यावर पाणी मारायची. मी पाहायला गेले तर माठाजवळ हात नेताच गारवा लागत होता.

"अगं, हे माझ्या पुस्तिकेत नाही," मी म्हटलं.

"फुलं जपायची सवय हाय आमाला. गार पायजे, गारठलेलं नको."

हे तिचं वाक्य मी त्या दिवशी हसून ऐकलं. लक्षात मात्र ठेवलं नाही.

एक वर्ष चांगलं गेलं. मुलीच्या अंगावर मांस आलं, ती शाळेतून मिळालेल्या सायकलवरून पुन्हा शाळेत जायला लागली. मग आमच्याकडे सायकलवाल्यांची समिती आली.

नाशकात सायकल आता वेगळीच वस्तू झाली आहे. पहाटे गंगापूर रोडवर डॉक्टर, बिल्डर, इंजिनियर, द्राक्षाचे व्यापारी असे लोक मोटारीच्या किमतीच्या सायकली घेऊन निघतात. हेल्मेट, काळा चष्मा, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे. माणसं वाईट नाहीत. त्यांनी ठरवलं, नाशिक ते इंदूर सायकलने जायचं, आग्रा रोडने, चार दिवसांत, आणि त्यातून जमेल त्या पैशाचं इन्सुलिन घेऊन गरीब घरातल्या मुलांना वाटायचं. त्यांना याद्या करणारं, पत्रं लिहिणारं, नोंदी ठेवणारं कोणीतरी हवं होतं. ते माझ्याकडे आले. मी लगेच हो म्हटलं. त्या मुलीसाठी म्हटलं, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती आणि कोणीतरी पुन्हा मॅडम म्हणत होतं, हेही होतं.

निघायच्या दिवशी मैदानावर मांडव, स्पीकर, चहा-पोह्यांचे टेबल. आजारी मुलांना पिवळे टी-शर्ट दिले होते, सगळे मोठ्यांच्या मापाचे. फुलवालीची मुलगी तो घालून माझ्यासमोर गोल फिरली. "आजी, शर्ट हाय का परकर?" तिची आई तोंडाला पदर लावून हसली.

मुलीला चार वाक्यं बोलायची होती. समितीतल्या एकाने ती लिहून दिली होती. शेवटचं वाक्य होतं, "तुमच्यामुळेच मी आज जिवंत आहे." मुलीने कागद वाचला आणि मला विचारलं, "यांच्यामुळं कसं काय? इंजेक्शन तर आई देते."

"म्हण गं आता. एका मिनिटाचं काम आहे," मी म्हटलं.

ती स्टेजवर गेली आणि म्हणाली. टाळ्या पडल्या. एका डॉक्टरबाईंनी डोळे पुसले. फुलवाली मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. ती टाळ्या वाजवत होती, कारण शेजारचे सगळे वाजवत होते.

मुलीने आपली सायकल आणली होती. तिला पिंपळगावपर्यंत जायचं होतं, नाश्त्याच्या पहिल्या थांब्यापर्यंत. रोज शाळेला ती येऊन-जाऊन सात-आठ किलोमीटर जायची. पिंपळगाव तिच्या मानाने लांब होतं, पण वाटेतल्या आडगावपर्यंत तरी तिला सहज जमलं असतं. समितीचे अध्यक्ष तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, तुला काही झालं तर आम्हाला केवढ्याला पडेल! तू बसमध्ये बस, आम्ही आहोत ना चालवायला." तिची सायकल मांडवाच्या मागे लावली. मी झेंडा दाखवला, फोटो निघाला, तोच तुमच्याकडे आहे. मुलगी माझ्या शेजारी बसमध्ये बसली. कपाळ काचेला टेकवून ती मागे जाणाऱ्या सायकली बघत होती. द्वारका चौक ओलांडल्यावर म्हणाली, "माझ्या आजाराची सायकल, आन् मीच बसमधी."

मला हसू आलं. मी ते त्या दिवशी सगळ्यांना गंमत म्हणून सांगितलंही.

पिंपळगावला नाश्ता होता एका द्राक्ष व्यापाऱ्याच्या पॅकहाऊसमध्ये. ते स्वतः इंदूरपर्यंत सायकल चालवणार होते. मोठ्या मनाचा माणूस. मिसळ, जिलबी, शिरा, आणि मुलांसाठी त्यांनी वेगळी उकडलेली अंडी आणि काकडी करून ठेवली होती. तेवढा विचार बाकी कोणी केला नव्हता. नाश्त्यानंतर त्यांनी आम्हाला शीतगृह दाखवलं. द्राक्षाचा हंगाम नुकता सुरू झाला होता. जाड दार सरकवलं आणि आतून पांढरी वाफ पायांवर आली. पेट्यांच्या थप्प्या छतापर्यंत. भिंतीवर लाल आकडा चमकत होता: शून्य.

"इथं ठेवलेला माल महिन्याने परदेशात उघडतात, काकू," ते म्हणाले, "तरी घडाची काडी हिरवी असते. मण्यापेक्षा काडी बघतात ते लोक. काडी हिरवी म्हणजे माल जपला."

आणि मग त्यांनीच विचारलं, "तुमचं औषध कुठे ठेवणार?"

तोपर्यंत हा विचार पक्का झालेला नव्हता. औषध एकदम घ्यायचं होतं आणि वाटप तीन आठवड्यांनी, पाहुण्यांच्या सोयीने. कुणाच्या घरच्या फ्रीजमध्ये ते मावणार नव्हतं. "घरच्या फ्रीजमध्ये भाजीशेजारी कशाला?" व्यापारी म्हणाले. "माझ्याकडे ठेवा. एकदम समोर, पंख्याच्या तोंडाशी जागा देतो. सगळ्यात गार जागा. पाहुण्यासारखं ठेवतो."

समितीने टाळ्या वाजवल्या. मीही. सायकलवाले मालेगावच्या दिशेने गेले आणि मी मुलांना घेऊन बसने परत आले.

आता हे नीट वाचा. औषधाचे खोके आले तेव्हा ते ताब्यात मी घेतले. प्रत्येक बाटलीबरोबर इंग्रजी कागद होता, बारीक अक्षरांचा, घडी घातलेला. समितीत तो वाचणारी मी एकटीच असेन. दोन ते आठ अंशांत ठेवावे. गोठू देऊ नये. गोठलेले वापरू नये. हे मी वाचलं आणि वहीत उतरवून घेतलं. दोन दिवसांनी खोके पिंपळगावला पोचवून, स्वेटर घालून, मी त्या खोलीत उभी राहिले. पंख्यासमोर खोके मांडले जाताना पाहिले, भिंतीवरचा आकडा पाहिला आणि माझ्या वहीत लिहिलं: तापमान शून्य. त्यापुढे बरोबरची खूण केली.

तुम्ही विचाराल, कसं काय? मीही चार वर्षं विचारते आहे. आकडे दोन्ही माझ्या वहीत, समोरासमोरच्या पानांवर, माझ्याच अक्षरात. पण आपल्या जिल्ह्यात जी वस्तू जितकी थंड, तितकी ती जपलेली. सगळी श्रीमंती त्या थंड खोल्यांतून निघालेली आहे. माझ्या डोळ्यांनी शून्य पाहिलं आणि मनात आलं, किती काळजी घेतात. पंख्याच्या तोंडाशी तर शून्याच्याही खाली जातं, हे नंतर त्या व्यापाऱ्यांनीच सांगितलं. द्राक्षाला ते चालतं.

वाटप हॉलमध्ये झालं. पुन्हा स्टेज, पुन्हा फोटो. प्रत्येक घराला तीन महिन्यांच्या बाटल्या, रिबिन लावलेल्या पिशवीत. फुलवालीने पिशवी हातात घेतली आणि विचारलं, "इतके दिस कुटं ठेवलं व्हतं?"

मी अभिमानाने सांगितलं. द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये, परदेशी माल ठेवतात तिथे.

तिने पिशवीत पाहिलं. "बर्फावानी थंडीत? शेवंती काळी पडती बाई तसल्या थंडीत. एकदा म्या ठेवली व्हती बर्फाच्या गाडीत, सकाळी निसता चोथा."

"अगं, ही काय फुलं आहेत?" मी म्हटलं. आजूबाजूच्या दोघी-तिघी हसल्या. तीही हसली आणि गेली.

होळी झाली. त्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी ती फुलं देऊन गेली नाही, दारातच थांबली. "बाई, पोरीची शुगर उतरना. शुगरचं मशीन चारशे दाखवतं. परत तशीच पाणी पिते."

मी पहिला प्रश्न काय विचारला असेल? "होळीला पुरणपोळी दिलीस ना?"

"नाय ओ. तिच्यासाठी येगळी भाकर केली."

"सासूने दिली असेल."

"न्हाय. म्या बसले व्हते ना तिच्या शेजारी." मग तिने कमरेच्या पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली काढली. "ही बगा. आतून काचेला पिठावानी चिकटलंय. आन् खाली कणी हाय, थंडीत तूप कणी धरतं ना, तशी. आदीच्या बाटलीत नव्हती."

मी चष्मा लावून पाहिलं. कणी होती. ते औषध दुधी असतं, आणि टोचण्याआधी बाटली तळहातांत हळूहळू फिरवायची असते, म्हणजे खाली बसलेलं एकसारखं होतं. मी म्हटलं, "तू नीट फिरवत नाहीस. घाई करतेस. किंवा उन्हात राहिली असेल. माठावर पाणी मारलंस का वेळेवर?"

तिने तो माठ एक दिवस कोरडा पडू दिला नव्हता. पण मी बाई होते, डॉक्टरांकडे नेणारी, तक्ता करून देणारी. ती म्हणाली, "फिरवते अजून नीट," आणि बाटली पुन्हा फडक्यात गुंडाळून घेऊन गेली. जाताना मी तिला तक्त्याची नवी प्रत दिली.

आणखी तीन दिवस तिने तेच औषध टोचलं, मी सांगितलं म्हणून. अर्धं मेलेलं औषध. चौथ्या दिवशी दुपारी तिच्या नवऱ्याचा फोन आला. मुलगी ओकत होती, श्वास धापा टाकल्यासारखा, हाक मारली तर डोळे उघडत नव्हती. त्यांनी तिला टेम्पोतूनच दवाखान्यात आणलं होतं. मी पोचले तेव्हा तिला आत घेतलं होतं. फुलवाली बाकावर बसली होती, तान्हं मूल धरावं तसं ओलं गोणपाट आणि त्यातली डबी छातीशी धरून. घाईत माठातली बाटली तिने तशीच आणली होती, आत लागेल म्हणून.

तरुण डॉक्टर बाहेर आले. त्यांनी बाटली मागितली, उजेडाकडे धरली, तिरकी केली. लगेच म्हणाले, "ही गोठलेली होती. फ्रीजरमध्ये ठेवली होती का तुम्ही? बर्फात घातली का? कितीदा सांगतो आम्ही तुम्हा लोकांना!"

फुलवाली म्हणाली, "आमच्याकडं फ्रीज नाय, सायेब."

"मग कशी गोठली? आपोआप?"

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. तुमच्याकडे उत्तर असेल तर सांगा, असं. माझ्याकडे उत्तर होतं. मला ती खोली, तो पंखा, तो लाल आकडा, माझी बरोबरची खूण, सगळं त्याच क्षणी दिसलं होतं. डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही कोण यांच्या?"

"मी यांना मदत करते," मी म्हटलं. एवढंच म्हटलं.

डॉक्टरांनी फुलवालीला आणखी दोन वाक्यं सुनावली आणि ते आत गेले. तिची सासू भिंतीपाशी उभी होती. तिने ती दोन्ही वाक्यं ऐकली.

मुलांनो, पत्रकासाठी अर्धं पान हवं असेल तर ते हे आहे.

मुलगी पाच दिवसांनी घरी गेली. मी एक काम लगेच केलं, तेवढं माझ्या बाजूने नोंदवून ठेवते. दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून यादीतल्या प्रत्येक घराला फोन केला की पिशवीतलं औषध वापरू नका, दुकानातून नवीन घ्या. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळवलं. का, ते कोणालाच सांगितलं नाही. "तपासणी चालू आहे," म्हटलं. बाकीच्या मुलांपैकी कोणी दवाखान्यात गेलं नाही. निदान मला तसं कोणी सांगितलं नाही.

समितीची बैठक झाली. द्राक्ष व्यापारी रडले. खरोखर रडले, त्यांनी नवीन औषध स्वतः भरून देतो म्हटलं आणि दिलं. पण अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, हे बाहेर गेलं तर पुढच्या वर्षी कोण येणार? शेवटी नुकसान मुलांचंच ना?" सगळ्यांनी मान हलवली. मग ते म्हणाले, "अहवाल तुमच्याकडे आहे. तुम्ही योग्य शब्दांत लिहाल."

मी योग्य शब्दांत लिहिलं. तुम्ही अहवाल उघडलात तर तिसऱ्या परिच्छेदात दिसेल. त्याचा मराठीत अर्थ असा: काही कुटुंबांना घरी औषध साठवण्यात अडचणी आल्या, पुढील वर्षी पालकांच्या प्रशिक्षणावर भर देण्यात येईल. म्हणजे तिच्यावर ढकललं. जिच्या माठाजवळ हात नेला तर गार लागत होतं, तिच्यावर. आणि पुढच्या वर्षी खरोखर पालकांचं प्रशिक्षण ठेवलं.

फुलवाली यायची बंद झाली. दुसरा एक माणूस फुलं टाकून जायला लागला. दोन महिन्यांनी मी मखमलाबादला गेले. ती शेडमध्ये झेंडू निवडत बसली होती. तिने मला पाट दिला, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. खोली, आकडा, कागद, वही.

ती फुलं निवडतच होती. मग म्हणाली, "मला तवाच कळलं व्हतं, दवाखान्यात. तुमी गप बसल्या तवा."

मी पाण्याचं भांडं पाटाशेजारी खाली ठेवलं.

"औषधाचं चुकलं, त्ये चुकतं कुणाचंबी," ती म्हणाली. "पण सासू अजून म्हणते, तूच बर्फात घातलं. भावकीत सांगते, आईनंच पोरीला मारत आणलं व्हतं. शाळेतून काढलं पोरीला, म्हणते माझ्या डोळ्यासमोर राहील. तुमाला बोलायचं आसंल तर तिला बोला. मला कशाला सांगता?"

सासू ओसरीवर होती. शेजारच्या दोन बायाही होत्या. मी उभी राहून सांगितलं. चूक माझी आणि आमच्या लोकांची होती, सुनेने काही केलं नव्हतं, तिने मला बाटली आणून दाखवली होती आणि मीच तिला परत पाठवलं होतं. आवाज चांगला होता माझा, वर्गातला. म्हातारीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आता आल्या व्हय सांगायला. दोन महिने ही पोर माझं ऐकून घेती, तवा कुटं व्हत्या?"

शेजारणींपैकी एक म्हणाली, "जाऊ द्या, मोठी माणसं हायेत." ते सगळ्यात जास्त लागलं.

शाळेतलं ते वर्ष बुडालंच. जूनमध्ये मुलीला परत पाठवलं, वर्गातल्या तिच्यापेक्षा लहान मुलींबरोबर. मी समितीला पत्र लिहिलं, अहवालातलं वाक्य बदला म्हणून. तीन वेळा लिहिलं. नोंद घेतली आहे, असं उत्तर आलं. वाक्य अजून तिथेच आहे, तुम्हाला दिसेल. त्यांची फेरी दर वर्षी निघते, आता आणखी लांब जाते. मी जात नाही. माझ्या जागी झेंडा दुसऱ्या कोणीतरी दाखवतं.

तुम्ही जाऊ नका, असं मी म्हणत नाही. जा. पण निघण्याआधी विचारा की तुमच्या श्रमांतून जे येणार आहे ते कुठे ठेवणार आहेत, आणि ते ज्याच्या घरी जाणार आहे त्याला ते ठेवायची जागा दाखवा. त्याने काही शंका काढली तर तिथेच थांबा. आणि एखाद्या मुलाला तुमच्याबरोबर सायकल चालवायची असेल तर त्याला चालवू द्या, अर्धा तास उशीर झाला तरी.

गेल्या महिन्यात मी रिक्षातून मखमलाबाद रोडने येत होते. ती मुलगी समोरून आली, शाळेच्या गणवेशात, त्याच सायकलवर. सीट वर चढवलेली, कारण ती उंच झाली आहे. हँडलला ओल्या गोणपाटाची छोटी पिशवी बांधलेली होती. दिवसभर बाहेर राहायचं असलं की औषध बरोबर न्यावं लागतं. तिने मला पाहिलं की नाही, माहीत नाही. ती थांबली नाही.

ती वही माझ्या कपाटात आहे, खूण केलेल्या पानासकट. मी गेल्यावर ती तुमच्याकडे येईल. माठ त्यांच्या ओसरीच्या कोपऱ्यात आहे आणि त्यावर रोज दोनदा पाणी मारलं जातं. मुलगी नववीत आहे.